अंगठ्याखालची कळ

खंडेनवमीला लष्करमधल्या आमच्या जुन्या घरी देवघरासमोर पाट मांडून शस्त्रे पुजली जात. दोन तलवारी, एक कट्यार, स्वयंपाकघरातली विळी, सुपारीचा अडकित्ता आणि सगळ्यांच्या मधोमध पणजोबांची दुनळी बंदूक. आम्हा मुलींना झेंडूची फुले वाहायची मुभा होती, बंदुकीला हात लावायची नव्हती. आदल्या संध्याकाळी आजोबा ती पुसायला घेत. दस्ता मांडीवर टेकवून उजव्या अंगठ्याने वरची छोटी कळ उजवीकडे सारत, तशा दोन्ही नळ्या बिजागरीवर खाली झुकत. पुसून झाले की नळ्या वर उचलून मिटत. 'खट्' असा एकच आवाज येई आणि कळ आपण होऊन मध्यावर येऊन थांबे. तो आवाज ऐकला की आमचा दसरा सुरू होई.

आजोबा गेल्यावर परवाना बाबांच्या नावावर झाला. पूजा चालू राहिली, पण एका वर्षी ती कळ लुळी पडली. उजवीकडे सारली की तिथेच राही. बोटाने ढकलून परत आणावी लागे. एका दुकानात दाखवली. त्यांनी उघडून पुन्हा लावून दिली, पण दोष तसाच राहिला. उलट कळ थोडी तिरकी दिसू लागली. मग बंदूक कपाटात गेली, ती फक्त नवमीला बाहेर येई.

डिसेंबर 2019 मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवता येतील, वारशाने आलेल्या हत्यारांनाही हीच मर्यादा, आणि जास्तीचे हत्यार वर्षभरात जमा करायचे. बाबांच्या परवान्यावर तीन होती: ही दुनळी, एक रायफल आणि एक रिव्हॉल्व्हर. ग्वाल्हेरीत अशी घरे थोडी नाहीत, त्यामुळे त्या वर्षी हा विषय आपल्यापैकी अनेकांच्या बैठकीत निघाला असेल. पुण्याहून धाकटा भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, जी चालत नाही ती द्यायची. यात विचार काय करायचा?" त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. बाबा मात्र एवढेच म्हणाले, "आधी तिला काय झालंय ते बघू. मग ठरवू."

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. लोलक, तरफ, स्प्रिंग हे सगळे फळ्यावर काढले. पण घरातल्या या वस्तूत काय आहे ते कधी पाहिले नव्हते. त्या कळीच्या निमित्ताने जे वाचले आणि मिस्त्रींच्या समोर बसून जे पाहिले, ते इथे सांगते.

ठासणीचे दिवस

ही कळ कशासाठी आली हे समजायला तिच्या आधीची बंदूक आठवावी लागते. मराठी फौजांतली बंदूक आधी तोड्याची, मग चकमकीची. दोन्हींत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालायची आणि गजाने ठासायची. नळीची मागची बाजू कायमची बंद. महादजी शिंद्यांनी द बॉइनच्या हाताखाली कवायती पलटणी उभ्या केल्या, तेव्हा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा आणि बंदुका तयार होत. त्या बंदुकाही ठासणीच्याच. 1810 मध्ये दौलतरावांचा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली पडला आणि त्या तळाचेच आपले लष्कर शहर झाले. त्या तळावरच्या शिपायाच्या खांद्याला जी बंदूक होती, तिला मागून उघडणारी कळ असण्याचा प्रश्नच नव्हता.

शिकारीसाठी दोन नळ्या शेजारी शेजारी जोडण्याची पद्धत ठासणीच्या काळातच रूढ झाली. एक बार हुकला तर दुसरा हाताशी. पण तिच्यात मोठा धोका होता. एक नळी उडवून घाईने भरताना चुकून दुसऱ्या, आधीच भरलेल्या नळीत पुन्हा दारू पडली, तर ती नळी फुटे आणि डावा हात जाई. शिवाय भरलेली बंदूक रिकामी करणे जिकिरीचे. बार उडवायचा, नाहीतर गजाला स्क्रू लावून आतली गोळी ओढून काढायची.

मागून भरता आले तर हे सगळे प्रश्न सुटणार होते. पण नळीची मागची बाजू उघडायची म्हटल्यावर नवाच प्रश्न उभा राहतो: ती बंद कशी ठेवायची? दारू पेटली की तिचा वायू गोळीला पुढे ढकलतो तितक्याच जोराने मागच्या भिंतीलाही ढकलतो. शिवाय नळ्या बिजागरीवर बसवलेल्या असतील तर प्रत्येक बाराला त्या जोडात वाक येतो आणि फट पडू पाहते. ती पडली तर आग थेट शिकाऱ्याच्या तोंडावर. म्हणून मागून भरायच्या बंदुकीचा इतिहास हा खरे तर एका अडसराचा इतिहास आहे.

मधून मोडणारी बंदूक

1812 मध्ये पॅरिसला ज्याँ सॅम्युएल पॉली या स्विस कारागिराने मागून भरायच्या बंदुकीचे आणि तिच्या काडतुसाचे पेटंट घेतले. कल्पना काळाच्या पुढे होती, म्हणून तेव्हा फारशी चालली नाही. पुढे 1830 च्या दशकात पॅरिसच्याच कासिमिर लफोशूने नळ्या बिजागरीवर खाली झुकणारी बंदूक आणली. तिच्या काडतुसाच्या बुडाशी बाजूला एक पितळी खिळा बाहेर आलेला असे. घोडा त्या खिळ्यावर पडे.

1851 साली लंडनच्या हाइड पार्कमधल्या मोठ्या प्रदर्शनात ही बंदूक इंग्रज कारागिरांनी पाहिली. बहुतेकांनी नाके मुरडली. मधून मोडणारी बंदूक भक्कम कशी असेल, असा त्यांचा सवाल होता. जोसेफ लँग या लंडनच्या बंदूकवाल्याने मात्र ती कल्पना उचलली आणि लवकरच तशा बंदुका विकायला सुरुवात केली. 1861 मध्ये जॉर्ज डॉ याने बुडाच्या मध्यावर टोपी असलेले काडतूस लंडनच्या बाजारात आणले. आज आपण जे काडतूस ओळखतो, ते याच घराण्यातले.

काडतुसाचा प्रश्न असा सुटत होता, अडसराचा नाही. सुरुवातीच्या बंदुकांत कळ खाली असे, नळ्यांच्या पोटाला लागून. तिची पकडही एकाच खाचेत. 1859 मध्ये बर्मिंगहॅमच्या हेन्री जोन्सने दोन खाचांत एकदम बसणारी, स्क्रूसारखी आवळत जाणारी पकड शोधली. कळ चापाच्या कडीखाली असे आणि ती हाताने फिरवावी लागे. उघडतानाही आणि मिटतानाही. काम सावकाश, पण पकड अशी की तिला तोड नव्हती. त्या काळच्या इंग्लंडमध्ये पेटंट टिकवायचे तर तीन वर्षांनी पन्नास पौंड भरावे लागत. जोन्सने ते भरले नाहीत आणि त्याची पकड सगळ्यांना मोकळी झाली. हिंदुस्थानातल्या मोठ्या शिकारीसाठी बनणाऱ्या जड दुनळी रायफलींत जोन्सची ही खालची कळ पुढे कितीतरी वर्षे टिकून राहिली. वाघासमोर उभे राहणाऱ्याला वेगापेक्षा भरवसा महत्त्वाचा वाटला तर नवल नाही.

कळ वर कशी आली

पक्ष्यांच्या शिकारीत गोष्ट वेगळी. पाखरांचा थवा डोक्यावरून जात असतो. उजवा हात दस्त्याच्या मानेवरून काढून खालची कळ फिरवायची, काडतुसे घालायची, पुन्हा फिरवायची, आणि हात जागेवर आणायचा. तोवर थवा गेलेला.

उजव्या हाताने दस्ता धरला की अंगठा आपोआप वर येतो. कळ तिथेच असली तर? 1862 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सने वरच्या कळीचे पेटंट घेतले. त्याच्या बंदुकीत दोन्ही नळ्यांमधल्या पट्टीच्या मागच्या टोकाला बाहुलीच्या डोक्यासारखा एक गोल ठोकळा असे. तो मागच्या भिंतीतल्या खाचेत बसे आणि वरची कळ त्याला धरून ठेवी.

1863 मध्ये लंडनच्या धाकट्या जेम्स पर्डीने दुसऱ्या टोकाने विचार केला. नळ्यांच्या पोटाखाली पोलादाचे दोन ठोकळे, दोहोंत खाचा, आणि बंदुकीच्या अंगातून पुढे-मागे सरकणारा एक सपाट बोल्ट जो दोन्ही खाचांत एकाच वेळी शिरेल. आपल्या वाड्याच्या दाराला आडवा अडसर असतो, तसाच. त्याच्यामागे स्प्रिंग असल्याने नळ्या मिटल्या की अडसर आपोआप बसे. फक्त त्याची कळ अजून खालीच होती. चापाच्या कडीतून अंगठा घालून ती पुढे ढकलावी लागे.

आता एकाची कळ सोयीची होती आणि दुसऱ्याचा अडसर भक्कम. 1865 मध्ये डब्ल्यू. अँड सी. स्कॉट या बर्मिंगहॅमच्या कारखान्यातल्या विल्यम मिडलडिच स्कॉटने दोहोंचे लग्न लावले. वरच्या कळीला खाली एक उभा दांडा, म्हणजे स्पिंडल, जोडला. अंगठ्याने कळ फिरवली की स्पिंडल फिरतो, त्याच्या बुडाची छोटी टाच बोल्टला मागे खेचते आणि खाचा मोकळ्या होतात. कळ सोडली की स्प्रिंग सगळ्यांना जागेवर नेते. पाहायला गेले तर एवढा एक खुंट. पण त्या खुंटाने दोन चांगल्या कल्पना एकत्र आणल्या.

पेटंटची मुदत तेव्हा चौदा वर्षांची. 1877 मध्ये पर्डीच्या बोल्टची मुदत संपली आणि मग जो तो तशाच बंदुका करू लागला. 1875 मध्ये वेस्टली रिचर्ड्सच्याच कारखान्यातल्या अँसन आणि डीली यांनी घोडे आत लपवले. नळ्या झुकल्या की घोडे आपोआप चढत. बंदुकीचे बाहेरचे रूप बदलले, पण अंगठ्याखालची कळ आणि पोटातला अडसर तसाच राहिला. आजही नवी दुनळी घेतली तर बहुधा हीच जोडी आढळते.

बर्मिंगहॅमचा गन क्वार्टर म्हणजे आपल्या पुण्याच्या तांबट आळीसारखी वस्ती. नळ्या करणारा एक, दस्ता कोरणारा दुसरा, नक्षी काढणारा तिसरा, आणि नळ्या-अडसराचा जोड बसवणारा निराळाच. या जोडवाल्याचे मुख्य साधन काय, तर दिव्याची काजळी. भागाला काजळी लावायची, जोडून दाबायचा, पुन्हा उघडायचा. जिथे काजळी पुसली गेली तिथे धातू टेकतो. तेवढाच कानशीने काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा कानस. सगळीकडे सारखी पुसली जाईपर्यंत हेच. आपल्या घरी काजळ धरणाऱ्या आजीला ही पद्धत सांगितली असती तर तिला लगेच समजली असती.

आपल्याकडे ती कशी पोचली

1878 मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. ब्रिटिश मुलखातल्या हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना लागू लागला आणि गोऱ्यांना त्यातून सूट मिळाली. हा अपमान लोकांना झोंबला. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच या कायद्याविरुद्ध ठराव झाले. संस्थानी हद्दीत दरबारचे स्वतःचे नियम होते. सरदार, मानकरी आणि अंमलदार यांच्या घरी बंदूक असणे ही रीतच होती. शिवपुरीचे जंगल, आजचे माधव राष्ट्रीय उद्यान, हे शिंदे दरबारचे शिकारीचे राखीव रान. तिथल्या शिकारींच्या गोष्टी आपल्या घरांतून अजून सांगितल्या जातात, जरा मीठमसाला लावूनच.

इंग्लंडच्या बंदुका यायच्या कलकत्त्याच्या मँटनसारख्या पेढ्यांतून. 1891 पासून मुंबईलाही आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सची शाखा होती. नळीवर कोरलेले नाव पुष्कळदा विकणाऱ्याचे असते, बनवणाऱ्याचे नाही. म्हणून 'आमची बंदूक अमक्याची' असे आपण म्हणतो तेव्हा ती बर्मिंगहॅमच्या एखाद्या अनाम जोडवाल्याच्या हातची असण्याचा संभव जास्त.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा काळ संपवला, आणि संपायला हवाच होता. त्यानंतर या बंदुका कपाटात गेल्या. निवडणूक जाहीर झाली की ठाण्यात जमा करायच्या, नंतर परत आणायच्या, नवमीला पुजायच्या. आमच्या दुनळीचे पन्नास वर्षांचे आयुष्य एवढेच.

नळ्यांच्या पोटावरची अक्षरे

लॉकडाऊन उठल्यावर बाबांनी कागदपत्रांसकट मला आणि बंदुकीला घेऊन एका जुन्या परवानाधारक मिस्त्रींचे दुकान गाठले. वय सत्तरीपुढचे, डोळ्यावर घड्याळजीचे भिंग. त्यांनी आधी नळ्या रिकाम्या आहेत हे दोनदा पाहिले. मग पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या केल्या आणि उलट्या करून माझ्यापुढे धरल्या. "बहनजी, इसकी जनमपत्री यहाँ लिखी है. पढ़िए."

नळ्यांच्या बुडाशी, एरवी झाकलेल्या सपाट भागावर बारीक ठसे होते. मुकुटाखाली एकमेकांना छेदणारे दोन राजदंड: बर्मिंगहॅमच्या 1813 साली स्थापन झालेल्या प्रूफ हाउसची खूण. तिथे प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढला जाई. टिकली तरच ठसा. शेजारी 12 चा आकडा. नळीच्या व्यासाइतक्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, म्हणून ती बारा बोअरची. आणि त्याखाली 'नॉट फॉर बॉल' ही अक्षरे. याचा अर्थ नळीचे तोंड किंचित अरुंद आहे, तिच्यातून छर्रेच उडवायचे, एकसंध गोळी नाही. हा ठसा फक्त 1875 ते 1887 या काळात मारला जाई. म्हणजे आमची दुनळी त्या बारा वर्षांतली.

जे नव्हते तेही महत्त्वाचे होते. धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी 1896 पासून निराळी चाचणी आणि निराळा ठसा आला. तो आमच्या नळ्यांवर नव्हता. शिवाय नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी होती. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून त्या घडवलेल्या. मिस्त्रींनी बाबांना बजावले, "साहब, आज का कारतूस इसमें कभी मत डालना." बाबा म्हणाले, "आम्हाला उडवायची नाहीच. नीट मिटायला हवी."

पुन्हा जोडणी

मग त्यांनी ती उघडायला घेतली. आधी दोन्ही बाजूंचे घोड्यांचे संच निघाले, मग चापाची कडी, मग खालची पट्टी. दस्त्याला लोखंडी अंगाशी बांधणारा मुख्य स्क्रू कुठे दिसेना. मिस्त्रींनी कळ उजवीकडे सारून धरली; स्क्रू तिच्या खाली लपलेला होता. प्रत्येक स्क्रूच्या डोक्याची चीर केसासारखी बारीक. त्यांच्याजवळ वीस-पंचवीस पेचकस होते, एकेका चिरेसाठी घासून बनवलेले. साध्या पेचकसाने जोर केला की चिरेचे ओठ फाटतात. आधीच्या दुकानातल्या हाताने दोन ठिकाणी तसे केलेच होते. काढलेला प्रत्येक स्क्रू त्यांनी पुठ्ठ्यावर बंदुकीचे चित्र काढून त्या-त्या जागी टोचला. हे स्क्रू एकसारखे दिसतात, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही. योग्य जागी पूर्ण आवळला की बहुतेकांची चीर बंदुकीच्या लांबीशी समांतर उभी राहते. चीर तिरकी राहिली तर समजावे, पोर दुसऱ्याच्या घरी गेले.

आतले दुखणे दोन ठिकाणी निघाले. कळीची स्प्रिंग चिमट्याच्या आकाराची, दोन पात्यांची. तिच्या वाकणाशी गंजाचा एक खड्डा पडला होता आणि तिथूनच ती मोडली होती. दुसरे दुखणे माणसाने केलेले. स्पिंडलच्या बुडाला चौकोनी खुंट असतो आणि बोल्ट खेचणारी टाच त्यावर बसते. चौकोनावर ती चार तऱ्हांनी बसते, बरोबर एकच. आधीच्या दुरुस्तीत ती उलटी बसवून, बसेना म्हणून थोडी घासली होती. कळ तिरकी दिसत होती ती म्हणून.

टाचेला त्यांनी झिजल्या जागी धातू चढवून घेतला. स्प्रिंग मात्र नवीच केली. पोलादाची पट्टी तापवून दुमडली, कानशीने दोन्ही पाती टोकाकडे निमुळती केली, मग लांबीच्या दिशेने घासून आरशासारखी केली. मी विचारले, आत झाकली जाणारी वस्तू इतकी चकचकीत कशाला? ते म्हणाले, आडवा ओरखडा राहिला तर स्प्रिंग तिथूनच मोडेल. वर्गात मी ताण आणि तडा शिकवत होते तेव्हा हे उदाहरण मला कुणी सांगायला हवे होते. शेवटी ती लाल करून तेलात विझवली. आता ती काचेसारखी ठिसूळ. म्हणून पुन्हा तेल माखून ते तेल तिच्या अंगावरच पेटवून जाळले. तेल जळून संपेपर्यंत जितकी तापते, तितका ताव स्प्रिंगला पुरतो.

जोडणीचा क्रम उघडण्याच्या बरोबर उलटा. आधी बोल्ट त्याच्या घळीत सरकवला. वरून कळ आणि स्पिंडल एका तुकड्यात खाली सोडले. टाच योग्य कोनात धरून खुंटावर बसवली आणि तिचा टोक बोल्टच्या खाचेत शिरला की नाही हे कळ हळूच फिरवून पाहिले. मग खालचा छोटा स्क्रू. स्प्रिंग सर्वांत शेवटी. ती पकडीत धरून हव्या तेवढीच दाबायची, टोके चिकटेपर्यंत नाही, कारण तेवढ्याने नवीही मोडते. तीन वेळा ती निसटली. चौथ्यांदा एक पाते भिंतीला आणि दुसरे टाचेच्या खांद्याला टेकले. पकड सैल केली आणि लुळी कळ आपण होऊन जागेवर आली.

बाबांनी नळ्या लावल्या, वर उचलल्या. 'खट्.' ऐंशी ओलांडलेल्या बाबांनी चष्मा काढून पुसला. कारण कुणी विचारले नाही.

कळीचा हिशेब

मग मिस्त्रींनी एक गोष्ट दाखवली, आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणाचे सार तेच. कळ मिटल्यावर नेमकी कुठे थांबते? नव्या बंदुकीत कारागीर ती मुद्दाम मध्यापासून किंचित उजवीकडे थांबेल अशी बसवतो. बोल्ट आणि खाचा थोड्या पाचरीसारख्या असतात. वापराने झिजत गेल्या की बोल्ट दर वर्षी केसभर जास्त आत शिरतो, आणि कळ तेवढीच डावीकडे सरकते. म्हणजे झीज होते, पण जोड सैल होत नाही. कळ मध्यावर आली की बंदुकीने भरपूर काम केले आहे असे समजावे, आणि ती मध्य ओलांडून बरीच डावीकडे गेली की जोड पुन्हा बसवायची वेळ आली. बर्मिंगहॅमच्या त्या अनाम माणसाला ठाऊक होते की आपली वस्तू झिजणार. न झिजणारी वस्तू करण्याच्या फंदात तो पडला नाही. झिजेसाठी त्याने जागा ठेवली, आणि ती किती उरली हे दाखवायला एक काटाही ठेवला.

आमची कळ बरोबर मध्यावर थांबली होती. "सवा सौ साल से ऊपर हो गए, और देखिए, अभी आधा खाता बाकी है," मिस्त्री म्हणाले.

घरी येऊन मी भावाला फोनवर हे सगळे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आजोबा मिटल्यावर नेहमी अंगठा फिरवून बघायचे ना, कळ कुठे थांबली ते? मला वाटायचं, सवय आहे." बाबांनी त्या आठवड्यात रिव्हॉल्व्हर जमा केले. त्याची किंमत दुनळीपेक्षा जास्त होती, पण त्याबद्दल घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला बंदूक पुसायला बाबांचे हात पुरेनात, म्हणून त्यांनी ती माझ्यापुढे सरकवली. परवानाधारक शेजारी बसलेला, नळ्या रिकाम्या, आणि साठी ओलांडलेल्या मला आयुष्यात पहिल्यांदा ती कळ अंगठ्याने सारायला मिळाली. वाटली होती त्यापेक्षा जड लागली.

मंडळाच्या वाचकांना जाता जाता एक विनंती. आपल्या कपाटात अशी वस्तू असेल तर तिचे स्क्रू घरी उघडू नका आणि जुन्या नळीत नवे काडतूस घालून पाहू नका. परवानाधारक मिस्त्रीकडे न्या. ठेवायची की जमा करायची हे ज्याने त्याने आपल्या घरी ठरवावे. जमा करण्यात काही कमीपणा नाही. पण ती घराबाहेर जाण्याआधी नळ्यांच्या पोटावरचे ठसे वाचून घ्या, कळ कुठे थांबते ते पाहा आणि घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारून दोन ओळी लिहून ठेवा. मिस्त्रींचे दुकान आता बंद झाले आहे. मुलगा दुसऱ्या व्यवसायात आहे. आमच्या दुनळीचा पुठ्ठा, स्क्रू टोचल्याच्या भोकांसकट, मी मात्र जपून ठेवला आहे. पुढच्या वेळी ती ज्या कुणाच्या हाती उघडेल, त्याला कोणता स्क्रू कुठला हे शोधावे लागणार नाही.